आज नको, तू आधी...

चिकटपट्टी आणायला म्हणून घरातून निघाला होता तो. जखमेवर कापूस ठेवून वरून लावतात ना, ती पांढरी, औषधाच्या दुकानात मिळते ती. बस, एवढंच काम. तुम्हा पोरांना वाटतं, भुताची गोष्ट म्हणजे पहिल्याच वाक्याला वीज कडाडली पाहिजे आणि कुत्रं रडलं पाहिजे. तसलं काही नव्हतं. थंडीचे दिवस, आभाळ स्वच्छ. डिसेंबरातला दुसरा शनिवार. दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढलं होतं, त्यानं वाकूनच रिळं हातात दिली. म्हणाला, "आज एवढ्या उशिरा?" हा म्हणाला, "रात्रीचं काम आहे जरा." आणि हॉस्पिटलच्या रस्त्याला लागला.

तो मोबाइल उलटा ठेव बघू आधी. त्याचा उजेड तोंडावर पडला की मला तूच भूत वाटतोस.

हा माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा. मी त्याच हॉस्पिटलात अँब्युलन्स चालवायचो. त्यानं स्वतः सांगितलं मला, आणि एकदाच सांगितलं. सगळे त्याला धाकटा म्हणायचे, कारण त्याची थोरली बहीण तिथेच, त्याच खोलीत, त्याच कामावर होती. तिला मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे ताई म्हणायचे. तळघरात हॉस्पिटलचा सर्व्हर होता. कुठल्या पेशंटला कुठलं औषध कधी द्यायचं, कुणाला कशाची अॅलर्जी, सगळं त्याच्या पोटात. त्याची देखभाल या दोघांकडे. आई लवकर गेलेली. ताईनंच त्याला वाढवलं, शिकवलं आणि शेवटी आपल्या शेजारी खुर्ची टाकून कामाला बसवलं. नावाला बहीणभाऊ, खरं म्हणजे मायलेकरंच ती. भांडायचीही तशीच.

आता एक समजून घ्या, नाहीतर मधेच तोंड घालाल आणि माझी गोष्ट मोडाल. सर्व्हरच्या आत अगदी तळाशी एक गाभा असतो. कर्नल म्हणतात त्याला. त्यात कधीमधी एखादी चोरवाट सापडते, मग ती बुजवलेला नवा गाभा बसवावा लागतो. बाकीच्या दुरुस्त्या यंत्र चालू असताना होतात. गाभा बदलायचा तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं. आणि बंद केलं, की त्या घडीला त्याच्या डोक्यात जे काही उघडं असेल ते पुसलं जातं. म्हणून या लोकांपुढे सारखा एकच प्रश्न. करायचं कधी?

कामाला लागला त्याच वर्षी धाकट्यानं एकदा हा शहाणपणा भर दुपारी केला. कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही, दाबलं बटण. वरच्या वॉर्डात एक सिस्टर नेमकं दिलेलं इंजेक्शन लिहीत होती. ते पुसलं गेलं, आणि दुसऱ्या सिस्टरनं तेच इंजेक्शन पुन्हा दिलं. तो म्हातारा पेशंट वाचला, नशीब. ताईनं त्याला तळघरात उभा करून असा सोलला की ओरडा पार्किंगमध्ये मला ऐकू आला. "कुणाच्या हातातलं काम न सांगता काढून घ्यायचं नाही! तो 'आवरलं' म्हणू दे. मग बंद कर."

तेव्हापासून त्यांची पद्धत पडली. बंद करायच्या रात्री एकानं खाली बसायचं, दुसऱ्यानं चिकटपट्टी घेऊन वॉर्डावॉर्डातून फिरायचं. प्रत्येक कीबोर्डच्या एंटरच्या बटणावर एक पट्टी लावायची, म्हणजे सवयीनं कुणाचं बोट पडू नये. मग त्या वॉर्डाच्या सिस्टरनं आतल्या फोनवरून तळघरात एकच शब्द कळवायचा, 'आवरलं'. सगळे वॉर्ड झाले की मगच बंद. एकट्यानं कधीच करायचं नाही. आणि पट्टी लावताना ताई तिचं एक टोक दुमडून ठेवायची, म्हणजे काढणाऱ्याला नखानं खरवडत बसायला नको. धाकटा मात्र अळमटळम करणारा. सपाट चिकटवून मोकळा. "अरे, काढणाऱ्याचा जरा विचार करशील की नाही?" ही बोलणी तो दरवेळी खायचा.

मग ताई आजारी पडली. आजाराचं नाव सांगत नाही, ऐकून काय करणार आहात? आमच्याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत होती. लॅपटॉप मांडीवर. डॉक्टर रागवायचे, ही ऐकेल तर शपथ. दोघांची स्क्रीनवर बोलायची एक खिडकी होती, जुन्या पद्धतीची, सर्व्हरवरच चालणारी. एकानं अक्षर दाबलं की दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसायचं, पाठवायची वाट नाही. वर पलंगावरून ती, खाली तळघरातून हा. धाकट्याचं तेव्हा अर्धं लक्ष यंत्रात, अर्धं तिसऱ्या मजल्यावर, आणि पोटात अन्नाचा कण नाही. त्याच रात्री नवा गाभा आला होता. त्यानं खालून विचारलं, "ताई, आज उरकून टाकू का?"

वरून अक्षरं उमटायला लागली. सावकाश, एकेक.

"आज नको. तू आधी"

आणि थांबली.

तो वाट पाहत बसला. दोन मिनिटं. पाच मिनिटं. मग आतला फोन वाजला. सिस्टर होती... "धाकट्या, वर ये," एवढंच म्हणाली.

...

बारा दिवसांनी तो कामावर आला. स्क्रीन लावला, तर खिडकी तशीच उघडी. ताईचा लॅपटॉप कधीच बंद झाला होता, पण खिडकी सर्व्हरच्या पोटात होती ना, ती चालूच. "आज नको. तू आधी" आणि त्याच्यापुढे ती छोटी चौकट... लुकलुक, लुकलुक. जणू आत्ता पुढचं अक्षर येईल. त्यानं फोटो काढून ठेवला होता, पण फोटोत ती चौकट लुकलुकत नाही. आणि सर्व्हरवर सध्या कोण कोण काम करतंय त्याची नावं बघता येतात. त्यात त्याच्या नावाखाली ताईचं नाव. पुढे, किती वेळात तिची काही हालचाल नाही तो आकडा. बारा दिवस. मग महिना. मग सहा महिने.

गाभा मात्र जुनाच राहिला. मोठे डॉक्टर दर सोमवारी विचारायचे, हा म्हणायचा, "पुढच्या शनिवारी करतो." आणि याच्याकडे कारणही होतं बरं का, तोंडदेखलं नव्हे. तो म्हणायचा, "ताईनं 'आज नको, तू आधी' असं लिहून ठेवलंय. आधी काय करायचं? तिला या यंत्राची नस न नस माहीत होती. काहीतरी खोट असणार, तिला दिसलेली. ती काढल्याशिवाय बंद केलं आणि परत उठलंच नाही तर?" त्यानं बिचाऱ्यानं सगळं तपासलं. पुन्हा पुन्हा तपासलं. कुठेही काही सापडलं नाही, म्हणून तर तो जास्तच घाबरला.

त्याच्या बायकोनं मात्र नेमकं बोट ठेवलं. एका रात्री ताट पुढ्यात तसंच टाकून तो विचार करत बसलेला. ती म्हणाली, "सर्व्हर उठणार नाही याची भीती नाही तुम्हाला. ताई पुसली जाईल, याची आहे."

तो ताटावरून उठला.

असंच वर्ष सरत आलं, दुसरंही सरलं असतं. पण त्या डिसेंबरात शेजारच्या गावातल्या हॉस्पिटलात चोर घुसले. दाराखिडकीतून नव्हे रे, त्याच चोरवाटेनं, गाभ्यातल्या. सगळे कॉम्प्युटर कुलूपबंद. डॉक्टरांना पेशंटचं काही म्हणता काही दिसेना. एक अडलेली बाळंतीण त्यांनी आमच्याकडे धाडली. मीच आणली तिला. गाडी जेवढी पळेल तेवढी पळवली मी... बाई वाचली. बाळ नाही वाचलं.

धाकटा तेव्हा फाटकाशी उभा होता. त्यानं मला गाडीतून उतरताना पाहिलं. काय झालं ते माझ्या तोंडावरच लिहिलेलं असेल. नुसता म्हणाला, "शनिवारी करतो." या खेपेला त्याचा आवाज वेगळा होता.

तर असा तो शनिवार. दुकानातून रिळं घेऊन आला तो. निघताना बायकोनं हातात डबा दिला होता, "खाऊन घ्या हं, तसाच परत आणू नका," असं बजावून. डबा तळघरातल्या टेबलावर ठेवला आणि पट्ट्या लावायला वर गेला. जोडीला कुणी नव्हतं. एकटाच. मध्यरात्र उलटून गेली होती. एकेक वॉर्ड, एकेक कीबोर्ड. पट्ट्या कशातरी सपाट दाबून तो पुढे सरकत होता. पहिल्याच वॉर्डात मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "ताई असत्या तर टोक दुमडलं असतं. आमच्या नखांची वाट लागते बाबा."

"ताई नाहीये," तो म्हणाला. आणि एकदम ओशाळला. सिस्टरनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "जा. कर. आम्ही कागदावर लिहितो तोवर."

तिसऱ्या मजल्यावर शेवटची खोली बंद होती. रंगकाम चाललेलं, दाराला कुलूप. त्यानं तिकडे बघायचं टाळलं आणि जिना उतरला.

तळघरात आला तेव्हा दीड वाजला होता. खुर्ची ओढून बसला. फोन यायला लागले. "पुरुष वॉर्ड, आवरलं." "बायकांचा वॉर्ड, आवरलं." "अतिदक्षता, आवरलं." "बाळंतिणी, आवरलं... लवकर कर रे." एकेक करून सगळे झाले. नावांची यादी रिकामी होत गेली. शेवटी दोनच नावं उरली.

त्याचं. आणि ताईचं.

बोट बटणाशी नेलं त्यानं. आणि गाडं तिथेच अडलं. तिनंच घातलेला नियम ना. आवरलं म्हणू दे, मग बंद कर... आता ही कशी म्हणणार? बंद करण्याआधी सगळ्यांच्या स्क्रीनवर एक सूचना जाते. त्यानं ती धाडली. "सर्व्हर बंद होतोय. काम आवरा." आता ती बघणारं होतंच कोण? स्वतःशीच म्हणाला, वेडा झालास तू.

पंख्यांची घरघर तेवढी. बाकी चिडीचूप.

त्याचं लक्ष सहज यादीकडे गेलं. ताईच्या नावापुढचा तो हालचाल नसल्याचा आकडा. वर्षभराचा...

शून्य झाला होता.

त्यानं डोळे चोळले. पुन्हा पाहिलं.

शून्य.

आणि आतला फोन वाजला.

सगळे वॉर्ड झाले होते. एकही उरला नव्हता. फोनवर आकडा उमटला. तिसरा मजला... शेवटची खोली.

दोनदा वाजला. तीनदा. चौथ्यांदा त्यानं उचलला.

"हॅलो..."

काही नाही.

"कोण आहे?"

...

श्वास नाही. खरखर नाही. मग दूरवरून... टक्. थोडं थांबून... टक्. सावकाश. एकेक बोट ठेवून दाबल्यासारखं.

मान वर करून स्क्रीनकडे बघायचं धाडस होईना. तो फोनमध्येच कसाबसा म्हणाला, "ताई...?"

टक्... थांबलं.

"ताई, आधी काय? सांग ना... मी सगळं तपासलं गं. मला काही सापडलं नाही. आधी काय करू मी?"

...

टक्. टक्.

त्यानं वर पाहिलं. वर्षभर लुकलुकणारी ती चौकट... सरकली होती.

"आज नको. तू आधी जे"

टक्...

"आज नको. तू आधी जेवू"

टक्... टक्...

"आज नको. तू आधी जेवून घे."

बस. एवढंच होतं ते.

वर्षभर ज्याच्यासाठी त्यानं यंत्र उलटंपालटं केलं, डॉक्टरांना थोपवलं, झोपेचं खोबरं केलं... ते एवढंच होतं. मरता मरता तिला कर्नलची पडलेली नव्हती. दोन दिवस पोरगं उपाशी आहे, याची पडली होती. धाकट्याच्या तोंडून असा हुंदका फुटला म्हणे, की त्याचं त्यालाच भ्यायला झालं. पण ती भीती निराळी. ताईची नव्हती.

त्यानं फोन खाली ठेवला नाही. टेबलावर आडवा ठेवला. डबा उघडला. अन्न गार पडलेलं. तरी जेवला तो. डोळ्यातलं पाणी डब्यात पडतंय आणि हा जेवतोय. मधे दुसऱ्या फोनवरून मोठ्या सिस्टर ओरडल्या, "अरे, झोपलास की काय? हात दुखले लिहून लिहून!" हा म्हणाला, "जेवतोय सिस्टर." सगळा डबा पुसून काढला त्यानं. मग आडवा ठेवलेला फोन कानाशी नेला.

"जेवलो, ताई."

...

"आता... आवरलं का?"

एकही टक् नाही. त्याला वाटलं, गेली. मग खिडकीत, खालच्या ओळीवर, एकेक अक्षर...

"आवरलं."

आणि खिडकी मिटली. त्यानं नाही मिटली. यादीत एकच नाव उरलं. त्याचं. फोन कानाला तसाच होता, पण तो आता पार मुका झाला होता.

त्यानं बटण दाबलं.

पंखे थांबले. दिवे विझले. तळघरात एवढा अंधार आणि एवढी शांतता त्यानं कधी अनुभवली नव्हती. त्या अंधारात तो लहान पोरासारखा रडला, असं मला म्हणाला. लाज नाही वाटली सांगताना, वाटायचं कारणही नाही. मग पंखे फिरले. दिवे लागले. नवा गाभा चढला, एकही कुरकूर न करता. जीव भांड्यात पडला त्याचा.

पट्ट्या काढायला तो वर निघाला. आधी तिसऱ्या मजल्यावर गेला. दाराला कुलूप तसंच. फटीतून टॉर्च मारला. रंगाचे डबे, गुंडाळलेली गादी. फोन भिंतीवरून काढून कोपऱ्यात ठेवलेला, वायर त्यालाच गुंडाळून. आता तुम्ही म्हणाल भास. म्हणा. उपाशी माणूस, वर्षभराची जाग, रात्रीची वेळ, भास होणारच. तोही स्वतःला तसंच समजावत खाली आला. खिडकी पुसली गेली होती, दाखवायला काही उरलंच नव्हतं.

पहिल्या वॉर्डात शिरला. एंटरवरची पट्टी काढायला म्हणून नख लावलं...

नख लावायची गरज पडली नाही.

"सिस्टर, याला कुणी हात लावला होता का?"

"आम्हाला वेळ आहे का रे? पेशंटमधून उठलोच नाही कुणी."

तो पुढच्या वॉर्डात गेला. मग त्याच्या पुढच्या. मग पळतच सुटला. मी पहाटे गाडी पुसत होतो, तेव्हा तो माझ्याकडे आला आणि त्यानं मूठ उघडून सगळ्या पट्ट्या दाखवल्या. माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात मी त्या. एकूणएक पट्टीचं एक टोक नीट दुमडलेलं होतं.